उजेड वाढव, सुजे

आमच्या घरी भिंतीवरचा चपटा टीव्ही आला त्या दिवशी माय सकाळपासून भिंतच पुसत होती. जुना टीव्ही म्हणजे पाठीला कुबड आलेली एक पेटी होती, वर क्रोशाचा रुमाल, रुमालावर प्लास्टिकची फुलं. अण्णांनी ती पेटी उचलून ज्वारीच्या कणगीशेजारी ठेवली, तर तिच्यामागचा भिंतीचा चौकोन निराळ्याच रंगाचा निघाला. मायला त्याची लाज वाटली. वसीमभाई जेवणाच्या वेळेला आला. टेंभुर्णीच्या बाजारगल्लीत त्याचं टीव्ही-पंखे दुरुस्तीचं दुकान होतं आणि गल्लीतल्या निम्म्या घरांच्या वायरी त्याच्याच हातच्या होत्या. त्यानं भिंतीला भोकं पाडली, मातीचा धुरळा अंबाडीच्या भाजीत गेला. दारात शेजारणी उभ्या होत्या. टीव्ही टांगून झाला तेव्हा तो शेजारच्या कोनाड्यातल्या बुद्धमूर्तीपेक्षा उंचावर गेला, असं मायच्या लक्षात आलं. मग वसीमभाईनं न कुरकुरता तो चार बोटं खाली घेतला. आधीची भोकं तशीच राहिली.

अण्णा काळी-पिवळी जीप चालवायचे, टेंभुर्णी ते राजूर. सकाळी पहिली खेप दूधवाल्यांची आणि शाळा-कॉलेजवाल्यांची, मग बाजाराची माणसं, आणि चतुर्थीला सगळी राजूरच्या गणपतीला जाणारी. अण्णांच्या गाडीत बसलं की झोप लागते, असं लोक म्हणायचे, आणि अण्णांना ते ऐकायला फार आवडायचं. गाडी कधी धसमुसळेपणानं चालवली नाही, कुणाशी पुढं जायची शर्यत लावली नाही. त्यांच्या नजरेचाही त्यांना अभिमान होता. समोरून येणाऱ्या गाडीचा नंबर ते इतरांना गाडी ओळखू यायच्या आधी सांगायचे. वाचायचा चष्मा होता, पण तो चढवला की पेपरातल्या जाहिरातीतली बारीक अक्षरंही घडाघडा वाचायचे. हे मी मुद्दाम लिहिते आहे. अशा माणसाच्या डोळ्यांत काही बिघडलं असेल हे कुणाच्या मनात येणार?

पहिल्या संध्याकाळी क्रिकेटची मॅच लावली. मायनं त्या दिवशी येसराची आमटी केली होती, सणाला करावी तशी. आम्ही ताटं घेऊन भिंतीसमोर बसलो. मैदान इतकं हिरवं दिसत होतं की मी घास हातात धरून बघत राहिले. अण्णा मात्र डोळे बारीक करून म्हणाले, "अंधारी दिसायलंय. उजेड वाढव, सुजे."

मी अकरावी सायन्सला होते आणि टीव्हीबरोबर आलेलं पुस्तक इंग्रजीत होतं, म्हणून रिमोट माझ्याकडं. ब्राइटनेस पन्नासावर होता, तो मी साठ केला. "आजून." सत्तर केला. खेळाडूंचे चेहरे धुतल्यासारखे झाले. "हां, आता जरा बरं," अण्णा म्हणाले आणि भाकरी मोडायला लागले. चार दिवसांनी ते पुन्हा म्हणाले, चित्र अंधारलंय. मी कॉन्ट्रास्ट वाढवला, मग बॅकलाइट, मग स्टँडर्डचं विविड केलं. एका महिन्यात आमचा टीव्ही असा झाला की मालिकेतल्या बायका पिठात लोळून आल्यासारख्या पांढऱ्या दिसायच्या आणि मायच्या डोळ्यांतून पाणी यायचं. ती पदरानं डोळे पुसत भाकरी थापायची आणि म्हणायची, "ह्या उजेडानं मला चूल दिसंना झाली." अण्णा त्या पांढऱ्या पडद्यासमोर मान पुढं काढून बसायचे आणि सांगायचे, "उजेड वाढव, सुजे." आता वाढवायला काही उरलं नव्हतं. शंभरावर आकडा थांबला होता. तरी मी रिमोटचं बटण दाबायची, ते ऐकून ते गप्प व्हायचे.

मग त्यांनी दुसरी तक्रार काढली. चित्र बाजूनं कापलेलं आहे म्हणाले. "डाव्या कोपऱ्यात स्कोर आसतो. तो कुठाय?" स्कोर तिथंच होता, ठळक अक्षरात. मी म्हणाले, "अण्णा, तो काय." त्यांनी मान वळवली, सापडला, पण पटलं नाही. "मान कामून फिरवायला लागती मंग? जुन्यात न्हवती लागत." चित्राचा आकार बदलायची सोय त्या टीव्हीत होती. मी एकेक आकार लावून पाहू लागले. झूमवर चित्र इतकं फुगलं की स्कोर खरोखरच पडद्याबाहेर गेला, फलंदाजाची बॅटसुद्धा अर्धी कापली गेली. मी ते परत पहिल्यासारखं करणार तेवढ्यात अण्णा म्हणाले, "राहू दे. आता बराबर झालं."

माझा हात रिमोटवर तसाच राहिला. कापलेलं चित्र त्यांना पुरं वाटत होतं.  पण सतरा वर्षांच्या मुलीला त्याचा अर्थ लावायचा नसतो. मी अभ्यासाला उठून गेले.

नंतर मला दिसायला लागलं. म्हणजे ते आधीपासून घडत होतं, मी आता बघायला लागले. डाव्या बाजूला ठेवलेला तांब्या अण्णांच्या पायानं लवंडायचा, आणि ते मायवर चिडायचे की वाटेत कामून ठेवला. दारातून जाताना त्यांचा डावा खांदा चौकटीला घासायचा, इतक्या वेळा की तिथला रंग गुळगुळीत झाला होता. कुणी त्या बाजूनं येऊन बोललं तर ते दचकायचे. जीपच्या डाव्या अंगावर पुढच्या दारापासून मागच्या चाकापर्यंत एक लांब ओरखडा होता, आणि त्या बाजूचा आरसा तारेनं बांधलेला. "कुठं घासली, अण्णा?" मी विचारलं. "राजूरच्या स्टँडवर कोणीतरी घासून गेला. लोकायला गाडी चालवता येत न्हाई," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात खोट नव्हती. त्यांना खरंच तसंच वाटत होतं. आज त्याचीच जास्त भीती वाटते.

टीव्हीत बिघाड आहे असं त्यांनी ठरवून टाकलं आणि वसीमभाईला बोलावलं. वसीमभाई आत आला आणि पडदा पाहून हसला. "इतका उजेड? भाभी, तुम्ही टीव्ही बघून राह्यले का वेल्डिंग करून राह्यले?" त्यानं सगळ्या सेटिंग काढून टाकल्या आणि टीव्ही कारखान्यातून आल्यासारखा केला. बऱ्याच दिवसांनी पडद्यावर माणसांना माणसांचा रंग आला. मायनं तर हातातली परात खाली ठेवली. अण्णा म्हणाले, "आता तर बिलकुलच काळोख झाला."

वसीमभाईनं पडद्याकडं पाहिलं. मग अण्णांकडं पाहिलं. मग रिमोट माझ्या हातात देऊन तो पिशवी आवरायला लागला. अण्णांनी विचारलं, "काय बिघाड हाये?" तो म्हणाला, "बघतो, एखादा पार्ट मागवावा लागंल." मी त्याला मोटारसायकलपर्यंत पोचवायला गेले. किक मारायच्या आधी तो खालच्या आवाजात बोलला, "बेटा, टीव्हीत काही न्हाई. अण्णाला डोळ्याच्या डॉक्टरकडं घेऊन जा. जल्दी जा."

मी ते मायला सांगितलं. ती शेंगदाणे कुटत होती. तिचा हात थांबला आणि ती इतकी भडकली की मी मागं सरले. "कोणापाशी बोलली का हे? गाडी चालवून पोट भरतो तो मानूस. त्येच्या डोळ्यावर बोट ठेवलं तर उद्या गाडीत कोन बसंल?" मग खलबत्त्याचा आवाज पुन्हा सुरू झाला, पहिल्यापेक्षा जोरात. मला वाटलं होतं ती विचारेल की खरंच तसं आहे का. तिनं विचारलं नाही, आणि त्यावरून मला कळलं की तिलाही शंका होती.

येत्या मंगळवारी अंगारकी चतुर्थी होती. त्याच्या आदल्या शनिवारी संध्याकाळी अण्णा बातम्या बघत होते. माय आत भाकरी थापत होती, तो थपथप आवाज घरभर होता. मी त्यांच्या डाव्या हाताला, जरा पुढं, भिंतीला टेकून उभी होते. मी काय करणार आहे हे ठरवलेलं नव्हतं. मी हात वर केला. अण्णांची नजर पडद्यावर. मी हात हलवला, आधी हळू, मग एखाद्या एसटीला थांबवताना हलवतात तसा. माझ्या बांगड्या वाजतील म्हणून मी दुसऱ्या हातानं त्या घट्ट धरल्या होत्या. त्यांच्यापासून मी दोन हातांवर होते. मी, त्यांची मुलगी, जीव तोडून हात हलवत होते आणि ते शांतपणे पावसाचा अंदाज ऐकत होते. एवढ्यात थपथप थांबली. मी वळून पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारात पीठ लागलेले हात घेऊन माय उभी होती. तिनं माझा हात पाहिला, अण्णांचा चेहरा पाहिला. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला.

"काय जळायलं?" अण्णा म्हणाले.

"काही न्हाई," माय म्हणाली आणि आत गेली.

जेवणं झाल्यावर मागच्या न्हाणीपाशी भांडी घासताना ती माझ्याशी बोलली. राखेनं पातेलं घासत, वर न बघता. "मंगळवार जाऊ दे. अंगारकी हाये. वर्सातून एकदोनदा येती. त्येनं साऱ्यायला जागा देऊन ठेवल्यात. बुधवारी मी सोता त्येला जालन्याला नेते. तवर तू तोंड उघडायचं न्हाई." मी विचारलं, "आणि मंगळवारी काही झालं तर?" तिनं पातेलं उपडं ठेवलं. "इतके दिवस झालं का काही?"  खरं सांगायचं तर, तिनं असं म्हटल्याचं मला बरंच वाटलं. तीन दिवसांचा तर प्रश्न होता. मी कबूल झाले.

मंगळवारी उजाडायच्या सुमाराला अण्णांनी जीप धुतली. बॉनेटवर झेंडूचा हार घातला. आम्ही विहारात जाणारी माणसं, पण अंगारकीचा हार ते न चुकता घालायचे. "गिऱ्हाइकाचा देव हाये, त्येचा मान ठेवावा," म्हणायचे. मी डबा घेऊन गाडीपाशी गेले. त्यांनी हात पुढं केला तो डब्याच्या शेजारी हवेतच थांबला. मी डबा सरकवून त्यांच्या हाताला लावला. ते हसले. त्या वेळी रस्त्यावर कुणी नव्हतं, गाडीत कुणी बसलेलं नव्हतं, किल्ली गाडीलाच लटकत होती. वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. मी म्हणाले, "अण्णा, हळू चालवा."

"मी कवा जल्दी चालवली?" ते म्हणाले आणि गाडी सुरू केली.

तो दिवस कसा गेला हे मला तासातासानं आठवतं. रस्त्यावरून राजूरला जाणाऱ्या गाड्यांचे हॉर्न, मधूनच गणपतीची गाणी लावलेला टेम्पो, अनवाणी चालत निघालेल्या बायकांचं बोलणं. मायनं तिघांसाठी दहाबारा भाकऱ्या केल्या आणि मग टोपल्याकडं बघत बसली. मी पुस्तक उघडून एकच पान वाचत होते. आम्ही एकमेकींशी बोललो नाही. प्रत्येक जीपच्या आवाजाला मात्र दोघींच्याही माना एकदम वर व्हायच्या. ऊन चढल्यावर वसीमभाईची मोटारसायकल दारात थांबली आणि माय उठून उभी राहिली. तो उतरायच्या आधीच बोलला, "अण्णाला काही झालं न्हाई, भाभी." मग तो उंबऱ्यावर बसला आणि त्यानं पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर त्यानं राजूरहून फोनवर कळलेलं सगळं सांगितलं.

राजूर जवळ आलं होतं. रस्त्याच्या डाव्या कडेनं बायका एकामागं एक चालल्या होत्या. त्यांच्यात कौसाबाई नावाची एक बाई होती, मायच्या वयाची, नवसाला निघालेली. जीपच्या डाव्या अंगाचा धक्का तिला बसला. ती कडेच्या दगडांवर पडली, मांडीचं हाड मोडलं, खुब्यालाही मार लागला. गाडीतल्या माणसांनी आरडाओरडा केला तेव्हा अण्णांनी गाडी थांबवली. त्यांनी खाली उतरून विचारलं, "काय झालं?" हे वसीमभाईनं सांगितलं तेव्हा मायनं कपाळाला हात लावला. त्याच जीपमध्ये घालून कौसाबाईला जालन्याला नेलं. गाडी दुसऱ्या एका ड्रायव्हरनं चालवली. अण्णा मागं बसले होते, तिचं डोकं मांडीवर घेऊन.

कौसाबाई जगली. पण त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ते कुणालाच सांगता येत नव्हतं.

गाडीतली सगळी माणसं म्हणाली की बाईच मधी आली. ती माणसं खोटं बोलत नव्हती. अण्णांच्या गाडीत बसणाऱ्या माणसांना दुसरं काही सुचणंच शक्य नव्हतं. काटा चुकवायला ती आत सरकली असेल, असं एकानं म्हटलं आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत तो काटा सगळ्यांनी पाहिलेला होता. अण्णांना वाचवायला माय त्या काट्याला धरून बसली. तरीही बुधवारी ती आपल्या शब्दाप्रमाणं त्यांना जालन्याला घेऊन गेली. मीही गेले. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी अण्णांना एका यंत्रात तोंड घालून बसवलं आणि उजेडाचा ठिपका दिसला की बटण दाबायला सांगितलं. बराच वेळ खोलीत काही वाजलं नाही. मग एकदा वाजलं. मग पुन्हा बराच वेळ शांतता. यंत्रातून कागद आला, त्यावर मधे पांढरं होतं आणि कडेनं सगळं काळं, डाव्या अंगाला सगळ्यात जास्त. काचबिंदू, बाई म्हणाल्या. दुखत नाही, म्हणून कळत नाही. गेलेलं परत येत नाही, राहिलेलं मात्र थेंब टाकून राखता येईल. मग त्यांनी विचारलं, "काय काम करता?"

"ड्रायव्हर हाये," अण्णा म्हणाले. आणि थोडं थांबून, "व्हतो."

हा आजार घराण्यात उतरू शकतो. आता मी अंबडच्या एका शाळेत शिकवते आणि दर वर्षी त्याच तऱ्हेच्या यंत्रात तोंड घालून बसते. आजवर कागद पांढरा आलेला आहे. पण ठिपक्याची वाट बघताना दर वेळी मी एकदा तरी ठिपका नसतानाच बटण दाबते.

गाडी त्याच महिन्यात विकली. कौसाबाई दवाखान्यातून घरी आल्याचं कळलं तसं अण्णा म्हणाले, आपण जायचं. माय नको म्हणाली. "साऱ्यायला ठाव हाये ती मधी आली म्हनून. मिटलेलं उकरून कामून काढता?" अण्णांनी टोपी घातली. मग आम्ही तिघंही एसटीनं गेलो. चालताना अण्णांनी माझा खांदा धरला होता, आणि आता कुठं पायरी आहे, कुठं दगड आहे हे मी सांगत होते.

कौसाबाई ओसरीत बाजेवर पडली होती, पाय प्लास्टरमध्ये. तिची लेक मंदा, माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठी, माहेरी येऊन राहिली होती. तिनं आम्हाला सतरंजी टाकली पण बसा म्हणाली नाही. कौसाबाईच आधी बोलली. "माझाच पाय वाकडा पडला आसंल, दादा. सारे म्हनतात. मला तर काटा आठवत बी न्हाई. तुम्ही मनाला लावून घेऊ नका." हे ती अगदी मनापासून म्हणाली. माझ्या शेजारी मायचा श्वास सुटल्याचा मला आवाज आला. इथं संपलं असतं. चार इकडच्या-तिकडच्या गोष्टी करून आम्ही परतीची एसटी धरली असती.

अण्णा उभेच होते. त्यांनी टोपी काढली. "न्हाई, बाई. तुम्ही कडंलाच व्हत्या. तुमचा पाय वाकडा पडला न्हाई. मला डाव्या अंगाचं दिसत न्हाई. दिसत न्हवतं."

 कौसाबाई बाजेवरून त्यांच्याकडं बघत राहिली, जणू तो माणूस तिला आत्ता दिसला. मंदा म्हणाली, "कवापासून?"

"लई दिस झाले आसतील. मला कळलंच न्हाई, पोरी. मला वाटायचं लोकच मधी येतात." त्यांचा आवाज तुटला नाही. 

मंदानं त्यांच्याकडं पाहिलं. मग ती आमच्याकडं वळली. "आन तुम्हाला? घरात कोनालाच ठाव न्हवतं?"

माय म्हणाली, "न्हाई."

मंदानं मान हलवली, पण तिची नजर मायवर थांबली नाही. ती माझ्यावर आली. मी शिकणारी पोरगी होते. माझ्याकडून खरं कळेल असं तिला वाटलं असावं. अण्णांचाही चेहरा माझ्याकडं वळला होता. त्यांना ते विचारायचं होतं की नाही, मला माहीत नाही. पुढं इतकी वर्षं एका घरात काढून त्यांनी ते कधी विचारलं नाही, आणि आता ते नाहीत.

"न्हाई, ताई," मी म्हणाले. "आम्हाला कोनालाच ठाव न्हवतं."

कौसाबाई लेकीवर रागावली. "लेकराला काय इचारती? चहा ठेव." मंदा उठून आत गेली. चहा आला, कपबशीतून, भरपूर साखर घातलेला. अण्णांनी कप ओठाला लावला आणि तसाच खाली ठेवला. मायला ठसका लागला. मी माझा चहा सगळा प्यायले.